धाकटीचा डावा पंखा

माझ्या नणंदेनं आयुष्यभर युद्धनौकांचे सुटे भाग कागदात गुंडाळले. तुम्ही काय करता असं कुणी विचारलं की वन्सं म्हणायच्या, "पुड्या बांधते." ऐकणाऱ्याला वाटायचं, वाण्याचं दुकान असेल. मग तो साखरेचा भाव विचारायचा आणि वन्सं तो सांगायच्याही.

खरं काम होतं नौदलाच्या सुट्या भागांच्या भांडारात, पॅकरचं. चार विनाशिका होत्या, एकाच आराखड्यावर पाठोपाठ बांधलेल्या. भांडारातले लोक त्यांना नावानं ओळखत नसत. थोरली, दुसरी, तिसरी आणि धाकटी, असंच म्हणत, एका घरच्या मुली असाव्यात तसं. चौघींना बांधणारा कारखाना कधीच बंद पडला होता. त्यामुळे जे सुटे भाग भांडारात होते तेवढेच जगात होते. वन्सं सकाळी आठला जात. आलेला भाग रॉकेलनं धुवायचा, वाळवायचा, गरम ग्रीसमध्ये बुडवायचा, मेणकागदात गुंडाळायचा, लाकडी पेटीत हलणार नाही असा बसवायचा, वर चिठ्ठी लावायची. शेवटी पेटीच्या तारेवर शिशाची गोळी दाबून तिच्यावर आपल्या नंबराचा शिक्का मारायचा. वन्संचा नंबर सतरा. तो पोलादी शिक्का बोटाएवढा होता आणि त्या तो साडीच्या आतल्या खिशात ठेवत. खिसा मीच शिवून दिला होता.

एकदा सील झालेली पेटी भांडारात कुणीही उघडायची नाही, असा तिथला नियम होता. ती उघडायची जहाजावर, भाग बसवायच्या वेळी. मग मधे वीस वर्षं का जाईनात. जहाजावरचा फिटर चिठ्ठी वाचतो, शिक्का बघतो आणि भाग बसवतो. तो पुन्हा तपासत बसत नाही. म्हणून पॅकरच्या नंबराला तिथे फार किंमत. ज्याच्या हातून नोकरीभरात एकही चूक झाली नाही त्याला निवृत्तीच्या दिवशी शिक्का घरी न्यायला देत. चूक निघाली तर शिक्का साहेबांच्या कपाटात जाई, आणि त्या नंबराच्या जेवढ्या पेट्या भांडारात असतील तेवढ्या सगळ्या उघडून तपासायच्या.

वन्संनी लग्न केलं नाही. "घरात भाऊ बघितला, तेवढा नमुना पुरे," म्हणत. तो नमुना म्हणजे माझे यजमान. हे ऐकून हसत आणि पेपर डोळ्यांसमोर धरत. हे गेल्यावर घरात आम्ही दोघीच उरलो, दोन खोल्या आणि एक व्हरांडा. मी शाळेपासून रोजनिशी लिहिते, मिशनच्या शाळेतल्या सिस्टरांनी लावलेली सवय. त्यामुळे पुढे ज्या तारखा येतात त्या आठवणीतल्या नाहीत, लिहून ठेवलेल्या आहेत.

निवृत्तीला एक वर्ष उरलं तेव्हा थोरल्या तिघी नौदलातून निघाल्या होत्या. एकटी धाकटी राहिली होती आणि तिला आणखी सहा वर्षं काढायची होती. तिच्यावर नवे अधिकारी आले. त्यांना या नौकांची काहीच पूर्वपीठिका माहीत नव्हती. कोणत्या बहिणीत कधी काय बदललं, कोणता भाग कुणाचा कुणाला चालतो, भांडारात काय शिल्लक आहे. साहेबांनी वन्संना सांगितलं, हे सगळं एका वहीत नीट उतरवा. वन्संचं अक्षर मोत्यासारखं आणि स्मरणशक्ती सावकारासारखी. त्यांनी चौघींच्या जुन्या नोंदवह्या मागवल्या आणि रोज दुपारी दोन तास लिहायला बसू लागल्या. घरी आल्या की मला सांगत: तिसरीला उष्ण पाण्यात फार ठेवलं म्हणून तिचे पाइप लवकर गेले, थोरलीचं स्वयंपाकघर एकदा जळलं. मी कधी जहाजाच्या जवळही गेले नव्हते. तरी त्या चौघींचे स्वभाव मला पाठ झाले.

निवृत्तीला सात आठवडे होते. सोमवारी संध्याकाळी वन्सं आल्या, चप्पल दारात न काढता तशाच आत आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, एकोणीस वर्षांपूर्वीचा मार्च काढा."

मी ट्रंकेतून ती वही काढली. त्यांनी तारीख सांगितली, चौदा. मी वाचून दाखवलं: "गुरुवार. आईंच्या छातीत दुखतं म्हणून भांडारात फोन केला. वन्सं पावणेचारला घरी. डॉक्टर म्हणाले, अपचन. हे ऐकून आई रागावल्या व जेवल्या नाहीत." आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यानंतर त्या आणखी अकरा वर्षं जगल्या आणि त्या डॉक्टरांना त्यांनी शेवटपर्यंत माफ केलं नाही.

वन्सं खुर्चीत बसल्या. "म्हणजे तोच दिवस," एवढंच म्हणाल्या. मग चहा झाल्यावर त्यांनी दोन बशा एकमेकींवर पालथ्या घालून मला सगळं समजावलं.

प्रत्येक विनाशिकेला दोन इंजिनं, एक डावीकडे, एक उजवीकडे. इंजिन गार ठेवायला समुद्राचं पाणी खेचणारा एकेक पंप. दोन्ही पंप एकमेकांच्या उलट फिरतात, म्हणून त्यांच्या आतले ब्राँझचे पंखेही उलट वळणाचे. पण पाती दोन तबकड्यांच्या मधे झाकलेली असल्यामुळे बाहेरून दोन्ही पंखे जुळ्यासारखे दिसतात. वजन एक, माप एक. मधल्या भोकाच्या आत ठिपके कोरलेले असतात. एक ठिपका म्हणजे डावा, दोन म्हणजे उजवा. पंखा ग्रीसमध्ये बुडाला की ठिपका दिसत नाही. म्हणून पॅकरांचा पहिला धडा असा की डावं आणि उजवं एका टेबलावर कधी आणायचं नाही. एक धुऊन, बांधून, सील करून उचलायचं, मगच दुसऱ्याला हात लावायचा. वन्सं नव्या आलेल्या प्रत्येक पॅकरला हे घोकायला लावत.

त्या गुरुवारी माझा फोन गेला तेव्हा दोन पंखे बांधायचे राहिले होते. लवकर उरकावं म्हणून वन्संनी दोन्ही एकदम ग्रीसमध्ये बुडवले आणि एकाच टेबलावर गुंडाळले. आयुष्यात एकदाच.

त्यांतली "उजवा" अशी चिठ्ठी असलेली पेटी आठ वर्षांपूर्वी दुसरीवर गेली. वन्संना सोमवारी दुपारी दुसरीच्या नोंदवहीत चार ओळी सापडल्या: उजव्या पंपात नवा पंखा बसवला, पाणी पुरेसं येत नाही, अर्ध्या तासात काढला, जुना परत बसवला, नवा पंखा सदोष म्हणून भांडाराला परत. दुसरी त्याच महिन्यात निवृत्त झाली, म्हणून कुणी खोलात गेलं नाही. पेटीचा शिक्का, सतरा.

"पंखा सदोष नव्हता," वन्सं म्हणाल्या. "तो डावा होता. उजव्या पंपात बसवला तर पाणी कुठून खेचणार?"

मी विचारलं, मग आता काय, ती तर गेली. तर म्हणाल्या, गेली ती दुसरी. धाकटीच्या डाव्या पंपाचा पंखा झिजलाय आणि तिनं गेल्याच आठवड्यात नवा मागितलाय. भांडारात एकच शिल्लक आहे. चिठ्ठीवर लिहिलंय डावा, शिक्का सतरा, त्याच दिवशी बांधलेला. म्हणजे आत उजवा.

मला आधी वाटलं, सोपं आहे. ती पेटी थांबवायची. वन्संनी मान हलवली. ती थांबवली तर धाकटीला पंखाच नाही. नवा ओतून, कापून, तपासून घ्यायचा तर चौदा महिने. तोवर ती धक्क्याला बांधलेली राहणार आणि तिलाही थोरल्यांच्या मागे धाडणार. खरा डावा पंखा एकच, तो "सदोष" म्हणून निकामी मालाच्या शेडमध्ये पडलेला. त्याच्यावर निकामीचा दाखला चिकटलेला, दोन सह्यांचा. तो दाखला रद्द व्हायचा तर कुणीतरी सही करून लिहून द्यायला हवं, की पंखा चांगला आहे, बांधणाऱ्याची चूक होती. आणि बांधणारा कोण, हे शिक्क्यावर होतंच.

दुसऱ्या दिवशी त्या साहेबांकडे गेल्या. साहेब माणूस भला, पण त्यांना फायलीत लाटा नको असत. त्यांनी वन्संना बसवलं, पाणी मागवलं आणि मग म्हणाले की एवढ्याशा गोष्टीसाठी चौतीस वर्षांवर शाई ओतू नका. त्या डाव्या पेटीला पाणी लागलं असं लिहून ते ती बाद करतील, धाकटीला "शिल्लक नाही" असं कळवतील, आणि वन्संनी सात आठवड्यांनी शिक्का घेऊन ताठ मानेनं घरी जावं.

"आणि धाकटीनं काय करायचं?" वन्संनी विचारलं.

"ते जहाजवाले बघतील की. आपण भांडारवाले."

वन्संनी विचार करायला दोन दिवस मागून घेतले. निकामी मालाच्या शेडमधून ब्राँझ वितळवायला नेणारी, दहा-बारा वर्षांतून एकदा येणारी गाडी पुढच्या सोमवारी निघणार होती, म्हणजे दोनहून जास्त दिवस मागायची सोयच नव्हती.

त्या दोन दिवसांत मी त्यांना काय सांगितलं तेही लिहिते, कारण ते माझ्या वहीत आहे. मी साहेबांच्या बाजूनं बोलले. म्हटलं, चुकीची पेटी जाणार नाही, कुणाच्या जिवाला धोका नाही, मग कशाला हात भाजून घ्यायचे? जुनी जहाजं कधीतरी जायचीच. वन्सं भाजी निवडत होत्या. निवडलेली आणि टाकायची, दोन्ही एकाच ढिगात टाकत होत्या, यावरून काय ते समजावं.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "त्या शेडमध्ये एक चांगला पंखा आठ वर्षं निकामी म्हणून पडलाय. त्याच्यावरचा दाखला खोटा आहे. आणि तो खोटा आहे हे सबंध जगात मला एकटीला माहीत आहे. मी गप्प बसले तर सोमवारी तो वितळतो."

मी म्हटलं, मग माझंही नाव लिहा, फोन मी केला होता.

"फोन तुम्ही केलात, पेटी मी बांधली. दुसऱ्याच्या टेबलावर हात घालू नका."

गुरुवारी सकाळी त्यांनी निवेदन लिहिलं. अकरा ओळी. शुद्धलेखन बघायला मला दाखवलं. बघण्यासारखं काही नव्हतं. त्यात आईंचं दुखणं नव्हतं, माझा फोन नव्हता. मी ते सुचवलं तर म्हणाल्या, कारण लिहिलं की त्याची सबब होते. मग आतल्या खिशातून शिक्का काढून तो रुमालानं पुसला आणि हातातच धरून बस पकडायला गेल्या.

साहेबांनी निवेदन दोनदा वाचलं, उसासा टाकला आणि कपाटाची किल्ली काढली.

निकामी शेडच्या कारकुनाला सगळे चित्रगुप्त म्हणत. बावीस वर्षांत त्याच्याकडून काही परत गेलं नव्हतं. त्यानं वन्संचा कागद उलटसुलट केला आणि विचारलं, मेलेल्याला उठवायचा फॉर्म कोणता? तसा फॉर्मच नव्हता. शेवटी साहेबांनी साध्या कागदावर आदेश लिहिला. शुक्रवारी अर्धा दिवस चित्रगुप्त आणि वन्संनी मिळून ब्राँझचा ढीग उपसला. जुने नळ, चेपलेल्या झडपा, तडकलेली बेअरिंगं. पंखा सगळ्यात खाली, गाडीत आधी भरायच्या बाजूला होता. वन्संनी भोकात बोट घालून ग्रीस काढलं, पदर ओढून तो भाग पुसला आणि चित्रगुप्ताला म्हणाल्या, तुम्ही मोजा. मी मोजलेलं आता चालत नाही.

"एक," तो म्हणाला. मग चष्मा काढून पुन्हा बघून म्हणाला, "एकच आहे, बाई."

डावा.

तो पंखा पुन्हा धुवायचा, ग्रीसमध्ये बुडवायचा, बांधायचा होता. ते काम आता वन्संना करता येणार नव्हतं. शेजारच्या टेबलावर एक ठसकेबाज बाई होती, शिक्का बावीस. वन्संनीच तिला काम शिकवलं होतं. तिनं पंखा बांधला. वन्सं हात पाठीमागे धरून उभ्या होत्या. "चौतीस वर्षं आमच्या कानीकपाळी डावं-उजवं ओरडलात," बावीस नंबर कागदाची घडी घालता घालता म्हणाली, "आणि जाता जाता स्वतःच!" वन्सं म्हणाल्या, घडी आतून घाल. तिनं आतून घातली.

मग राहिलेल्या पेट्या. सतरा नंबराच्या दोनशे बारा पेट्या भांडारात होत्या. त्या सगळ्या उघडायच्या, तपासायच्या, पुन्हा बांधायच्या. सगळा विभाग कुरकुरला, आणि त्यांचं चुकलंही नव्हतं. पहिले दोन दिवस वन्संशी कामापुरतंच बोलणं होतं. जेवायच्या सुट्टीत त्या एकट्याच बसल्या. डबा तसाच परत आला तेव्हा मला कळलं. तिसऱ्या दिवशी पंचविसाव्या पेटीत वन्संना दिसलं की रबराच्या कड्या दगडासारख्या झाल्यात. बांधणाऱ्याची चूक नाही, वयाची. त्यांनी दुसऱ्या पॅकरांच्या त्याच मालाच्या पेट्याही उघडायला लावल्या. तिथेही तेच. धाकटीच्या पुढच्या दुरुस्तीत लागणाऱ्या होत्या त्या कड्या. वेळेत कळल्यामुळे नव्या मागवता आल्या. त्यानंतर कुरकुर जरा कमी झाली, पूर्ण थांबली असं मी म्हणणार नाही. बावीस नंबर मात्र रोज चारनंतर स्वतःचं काम संपवून सुरी घेऊन वन्संच्या शेजारी येऊन बसे, तोंडानं टोमणे आणि हातानं पेट्या.

दोनशे बारापैकी चुकीची निघाली ती एकच.

धाकटीवर नवा पंखा बसला. नवव्या दिवशी तिकडून निरोप आला. वन्सं तो कागदावर उतरवून घरी घेऊन आल्या आणि कंदिलाशी धरावा तसा खिडकीशी धरून मला वाचून दाखवला: "डावा पंप चालू. पाणी पूर्ण. इंजिन गार. समुद्रावर चाचणीला निघत आहोत." मी म्हटलं, आणखी काही? त्या म्हणाल्या, आणखी काय हवंय? मग त्यांनी लागोपाठ दोन कप चहा घेतला, एरवी त्या एकाच्या वर कधी घेत नाहीत.

निवृत्तीचा कार्यक्रम छोटा झाला. सेवापुस्तकात "एका प्रसंगी निष्काळजीपणा" अशी ओळ पडली होती. त्यांनी ती वाचली, खाली सही केली. शिक्का कपाटात राहिला. घरी आल्यावर त्यांनी साडीतला खिसा उसवून टाकला, आणि त्या रात्री रडल्या. मी शेजारच्या खोलीत होते. ऐकलं ते लिहून ठेवलं, त्यांना दाखवलं नाही.

जायच्या आधी त्यांनी पूर्वपीठिकेची वहीही पुरी केली होती. चौघींचा सगळा इतिहास, दोनशे अठ्ठावीस पानं. पंपांच्या प्रकरणात त्यांनी आपली चूक तारखेसह लिहिली होती, नंबरासह, दोन पंखे एका टेबलावर कसे आले इथपर्यंत. साहेबांना ते पान नको होतं. वन्सं म्हणाल्या, मग दुसरीच्या त्या चार ओळींचा अर्थ पुढे कुणाला लागणार? पान राहिलं.

वर्षभरानं साहेब बदलले. नव्या बाई आल्या. त्यांनी पहिल्या महिन्यात ती वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि एके दिवशी आमच्या दारात उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता आणखी कसली चौकशी. त्या व्हरांड्यातल्या मोडक्या खुर्चीत बसल्या, वन्संनी सांगितलं तरी दुसऱ्या खुर्चीत बसल्या नाहीत, आणि म्हणाल्या की नवे सहा पॅकर घेतलेत, त्यांना शिकवणारं कुणी नाही.

"बावीस नंबर आहे ना," वन्सं म्हणाल्या.

"त्यांनीच तुमचा पत्ता दिला. म्हणाल्या, ज्यानं एकदा चूक करून ती स्वतः शोधली त्याच्याकडून शिका, माझी अजून सापडायचीय."

वन्संनी पदर सारखा केला आणि विचारलं, सेवापुस्तकातली ओळ वाचली ना? बाई म्हणाल्या, वाचली, वहीतलं पानही वाचलं, म्हणून तर आले.

आता दर मंगळवारी वन्सं जातात. पहिल्या मंगळवारी सकाळी घरात नुसती धांदल होती. तीन साड्या बाहेर निघाल्या आणि तिन्ही परत गेल्या. मग त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, एक हातमोज्यांचा जोड हवाय, डावा-उजवा शिकवायला. मी ह्यांचे लोकरीचे हातमोजे काढून दिले. हे गेल्यापासून कपाटात तसेच होते. देताना हात जरा अडला, पण दिले.

संध्याकाळी वन्सं परत आल्या त्या सहा जणांबद्दल बोलतच. एकीचा हात हलका आहे, एकाला घडी जमत नाही, एक जण फार प्रश्न विचारतो, तो चांगला होईल. मी विचारलं, सुरुवात कशी केलीत? त्या म्हणाल्या, "सुरुवातीलाच सांगून टाकलं. म्हटलं, मी सतरा नंबर, आणि मी दोन पंखे एका टेबलावर ठेवले. मग कुणाला झोप आली नाही."

हातमोजे त्यांनी पिशवीतून काढून माझ्यासमोर ठेवले. मेणकागदातल्या दोन पुड्या, वर दोऱ्याच्या गाठी, आणि कुणाच्या तरी नवशिक्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. मी "उजवा" असलेली पुडी उघडून बघितली. वन्सं मान पुढे काढून बघत होत्या.

उजवाच होता.